लोकलच्या गर्दीत नामजप कसा करायचा

मी रोज मुलुंडहून सीएसएमटीला जाते, स्लो लोकलने, जवळपास एक तास. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात माझ्या एकटीवर दोघींचं काम येऊन पडलं, रात्री झोप लागेना, घरी कुणी साधं काही विचारलं तरी मी वस्सकन अंगावर जायचे. एका संध्याकाळी लेक म्हणाली, आई तू आलीस की मला भीती वाटते. रात्रभर रडले मी. सकाळी निघताना सासूबाईंनी त्यांची तुळशीची माळ हातात ठेवली नि म्हणाल्या, गाडीत असतेस तेवढा वेळ नाम घे गं. तेव्हापासून जे करत आले आणि ज्याचा मला खरंच उपयोग झाला तेच इथे लिहितेय, जसं मैत्रिणीला सांगेन तसं.

वेळ नवीन काढू नका

आधी मी पहाटे पाचला उठून ध्यानाला बसून बघितलं होतं, ॲप डाउनलोड केलं, आसन आणलं. आठ दिवस टिकलं. नळाला पाणी यायची वेळ तीच, डबे तेव्हाच, मग बसायचं कधी? म्हणून जो वेळ रोज आपोआप जातोच तो पकडा. ट्रेन, बसची रांग, सिग्नलला थांबलेली रिक्षा, काहीही चालेल, पण रोज तोच. माझं ठरलेलं आहे, मुलुंडला गाडी सुटली की मोबाईल पर्समध्ये आणि भांडुप जाईपर्यंत बाहेर काढायचा नाही.

नाम एकच धरा

घरात जे चालत आलंय ते घ्या. राम कृष्ण हरि घ्या, ॐ नमः शिवाय घ्या, श्री स्वामी समर्थ घ्या, गोंदवलेकर महाराजांनी दिलेला तेरा अक्षरी श्रीराम जय राम जय जय राम घ्या. फक्त दर आठवड्याला बदलू नका, मीही ते केलंय, मन मग नाम घेण्यापेक्षा निवड करण्यातच अडकतं. आणि देवाचं नाव घेणं ज्यांना आपलं वाटत नाही त्यांनी श्वास धरावा. गोराईच्या विपश्यना पॅगोडात येणाऱ्यांना आनापान शिकवतात, नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, लांब करायचा नाही की रोखायचा नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात तर मंत्र-जप बाजूला ठेवायलाच सांगतात, त्यामुळे दोन्हीची खिचडी नको, एक काहीतरी.

मोजायचं कसं

बसायला मिळालं तर माळ. १०८ मणी आणि वरचा एक मेरुमणी. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावत नाहीत, आणि मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत मागे. राम कृष्ण हरि शांतपणे म्हटलं तर एका माळेला पाच-सहा मिनिटं लागतात.

पण आपल्याला बसायला मिळतं कुठे! एका हातात वरची कडी, खांद्याला पर्स, चौथ्या सीटसाठीही नंबर लागलेला. अशा वेळी बोटांची पेरं वापरा. चार बोटांची प्रत्येकी तीन, म्हणजे बारा पेरं, अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवून सुरुवात करायची नि प्रत्येक नामाला एक पेर पुढे सरकायचं. अशा नऊ फेऱ्या झाल्या की १०८ झाले. कुणाला दिसतही नाही. फेऱ्या विसरलात तर परत पहिल्यापासून नको, चालू ठेवा, आकडा महत्त्वाचा नाहीये, बोट हलत राहिलं की मनाला बसायला एक जागा मिळते.

मन पळतं त्याचं काय

पळणारच. माझं नाहूर येईपर्यंत तीनदा ऑफिसात जाऊन येतं, बॉसला उत्तर देऊन येतं, लाइट बिल भरून येतं. सुरुवातीला वाटायचं मला जमतच नाहीये. सासूबाई म्हणाल्या, बाळ सारखं दाराकडे जातं तेव्हा तू त्याला मारतेस का, उचलून आणतेस. बस्स, तेवढंच करायचं, पळालेलं लक्षात आलं की पुढच्या पेरावर या, स्वतःवर न चिडता.

खरी परीक्षा घाटकोपरला, मेट्रोची सगळी गर्दी चढते. परवा एकीची कोपर अशी बसली बरगडीत की तोंडापर्यंत शिवी आली, आणि अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर होता तिथेच थांबला. एक नाम घेतलं. मग बघितलं तर तिच्या कडेवर झोपलेलं पोर, घामाने चिंब. मी बॅग पुढे घेतली, तिला जागा झाली. राग आला नाही असं नाही हो, आला, पण तो यायच्या आणि तोंड उघडायच्या मध्ये एक श्वास मावला. मी ज्याला शांतता म्हणते ती एवढीच आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

पहिले तीन-चार आठवडे काहीच वाटणार नाही, तरी सोडू नका. फरक मला नाही, आधी लेकीला कळला.

एक मात्र मनापासून सांगते, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर नुसत्या जपावर राहू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नाम सोबत चालू द्या.

सुट्टीच्या दिवशी

रविवारी हमखास खाडा पडतो कारण गाडीच नसते. मी कुकर लावला की गॅलरीतल्या तुळशीपाशी खुर्ची टाकून बसते, पेरांवर जप, आणि तिसरी शिट्टी झाली की उठून गॅस बारीक करते.