मॉर्मन व्यक्तीशी श्रद्धेबद्दल बोलायचं असेल, तर आधी शब्दांचे अर्थ लावून घ्या

चर्चमध्ये बायबल अभ्यासाचा वर्ग घेऊन मला बावीस वर्षं झाली. "मॉर्मन लोकही येशूचंच नाव घेतात, मग फरक कुठे आहे?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जोसेफ स्मिथने सुरू केलेल्या चर्चचे लोक. मी स्वतः हा प्रश्न पहिल्यांदा चुकीच्या टोकाने धरला होता. छातीवर काळी नावपट्टी लावलेल्या दोन मिशनरी मुली समोर बसल्या होत्या. मी थेट विचारलं, "तुमचं तारण झालंय का?" त्यातली धाकटी लगेच म्हणाली, "येशूमुळे ते सगळ्यांचंच होणार." मग आम्ही तासभर वाद घातला. उठायच्या वेळी लक्षात आलं की ती मृतांच्या पुनरुत्थानाबद्दल बोलत होती आणि मी पापांच्या क्षमेबद्दल. शब्द एकच, अर्थ दोन.

तेव्हापासून मी एक वही वापरते, तुम्हीही तसंच करा. पान उभं दुमडा. डावीकडे तुमच्या परंपरेतला शब्दाचा अर्थ, उजवीकडे समोरची व्यक्ती सांगेल तो. उजवी बाजू तिलाच विचारून भरायची, आपल्या ऐकीव माहितीवरून नाही.

पहिला शब्द 'देव'. याला घाई करू नका, बाकीचे बहुतेक फरक इथूनच फुटतात. कॅथलिक असोत, ऑर्थोडॉक्स असोत की प्रोटेस्टंट, ३२५ साली नायसियाच्या परिषदेने जे मांडलं ते आपण मानतो: पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण देव एकच. मॉर्मन शिकवणीत हे तिघे पूर्णपणे वेगळे आहेत. त्यांचं ऐक्य हेतूचं आणि इच्छेचं, तत्त्वाचं नाही. त्यांच्या 'सिद्धांत आणि करार' या ग्रंथाच्या १३०व्या प्रकरणातलं २२वं वचन उघडा. पित्याला माणसासारखंच हाडामांसाचं शरीर आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. शिवाय देवाने शून्यातून सृष्टी केली असं आपण म्हणतो. त्यांच्या मते आधीपासून असलेल्या द्रव्याला त्याने रूप दिलं आणि आपले आत्मे जन्माआधीही त्याच्याजवळ होते.

हा फरक किती खोल आहे, ते २००१ साली व्हॅटिकनने दिलेल्या निर्णयावरून कळतं. मॉर्मन बाप्तिस्म्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचीच नावं घेतात. तरी तो बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असं व्हॅटिकनने ठरवलं, कारण त्या नावांमागचा विश्वास वेगळा आहे. मात्र हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की मॉर्मनही आपला बाप्तिस्मा मानत नाहीत. प्रेषितांनंतर चर्चकडचा दैवी अधिकारच हरपला आणि १८२९ साली स्वर्गातून आलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तो जोसेफ स्मिथला परत दिला, असा त्यांचा विश्वास आहे. आपण चर्चची सुधारणा म्हणतो तिथे ते चर्चची पुनःस्थापना म्हणतात. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेचा कणा हाच आहे.

ग्रंथ कुठला वाचायचा, इथेही लोक फसतात. कुणी उत्साहाने बायबलखेरीज ते शास्त्र मानतात तो, १८३० साली अमेरिकेतल्या पामायरात छापलेला 'मॉर्मनचा ग्रंथ' अथपासून इतिपर्यंत वाचतो आणि येऊन म्हणतो, "ताई, यात फारसं वेगळं काही सापडलंच नाही." सापडणार कसं? तीन स्वर्गीय राज्यं, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा, अनंतकाळचा विवाह हे सगळं 'सिद्धांत आणि करार'मध्ये आहे. त्यातली ७६, १२८, १३० आणि १३२ ही चार प्रकरणं आधी वाचा.

आता पुन्हा 'तारण'. त्यांच्याकडे जवळजवळ प्रत्येकाला तीनपैकी कुठल्या ना कुठल्या गौरवाच्या राज्यात जागा मिळते. त्यातल्या सर्वोच्च पायरीला ते उत्कर्ष म्हणतात. तिथे कुटुंबं कायमची एकत्र राहतात आणि माणूस देवासारखा होत जातो. त्यासाठी बाप्तिस्मा, मंदिरातले विधी आणि करार पाळणं आवश्यक आहे. म्हणून "तुमचं तारण झालंय का?" असं न विचारता "उत्कर्षासाठी काय लागतं?" असं विचारा. मग इफिस २:८-९ आणि 'मॉर्मनच्या ग्रंथा'तल्या दुसरा नेफी या पुस्तकाचं २५:२३ शेजारी ठेवून वाचा. पौल म्हणतो, तारण कृपेने, कर्मांनी नाही. नेफीत आहे, आपल्याला करता येईल ते सगळं केल्यानंतर कृपेने. मला पौलाचंच म्हणणं पटतं आणि ते मी समोरासमोर सांगते. पण त्या 'नंतर'चा अर्थ 'सगळं करूनही शेवटी' असा लावणारे मॉर्मनही आहेत, म्हणून त्यांना बोलू द्या.

मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा हा विषय हळुवार हाताळा. मंदिरात बारा बैलांच्या पुतळ्यांवर ठेवलेल्या कुंडात एखादी मुलगी कधीकाळी वारलेल्या पणजीच्या नावाने पाण्यात उतरते. तो बाप्तिस्मा स्वीकारायचा की नाही, हे पणजीच्या आत्म्यावर सोडलेलं असतं. १ करिंथ १५:२९ मध्ये पौल ही प्रथा शिकवत नाही, तिचा नुसता उल्लेख करतो, असं माझं वाचन आहे. पण त्या मुलीच्या डोळ्यांत पणजीबद्दलची जी माया असते, तिच्यावर आघात करू नका.

काही मुद्दे काढूच नका. बहुपत्नीत्व त्यांच्या मुख्य चर्चने १८९०च्या जाहीरनाम्यानंतर सोडलं, आज तसं करणाऱ्याला बाहेर काढतात. प्रकटीकरण २२:१८ दाखवून "शास्त्रात भर घालू नका" असंही म्हणू नका. तीच ताकीद बायबलच्या पाचव्याच पुस्तकात, अनुवाद ४:२ मध्येही आहे, मग पुढच्या सगळ्या बायबलचं काय करायचं? आणि नावाची काळजी घ्या. २०१८पासून त्यांच्या चर्चचा आग्रह आहे की 'मॉर्मन' न म्हणता 'येशू ख्रिस्ताचं अखेरच्या दिवसांतील संतांचं चर्च' असं पूर्ण नाव घ्यावं. मी इथे ओळखीचा शब्द वापरला, समोर असताना त्यांचा वापरते.

भेटीच्या शेवटी ते बहुधा 'मॉर्मनच्या ग्रंथा'तलं मोरोनी १०:४ काढतील आणि म्हणतील, "हा ग्रंथ खरा आहे का, ते प्रार्थनेत देवालाच विचारा." हे टाळू नका, हसण्यावारीही नेऊ नका. मी म्हणते, "प्रार्थना मी रोज करते, आजही करेन. पण मनाला काय वाटलं ते मी शास्त्राशी ताडून बघते, आणि आपला देव कोण याबद्दल आपण दोघी वेगळं मानतो." मग वही पुढे सरकवून पहिल्या पानाची उजवी बाजू त्यांना वाचायला देते आणि विचारते, "तुमचं म्हणणं मी नीट लिहिलंय ना?"