धबडग्यात देवाकडे लक्ष कसं ठेवायचं

प्रार्थनेला बसलं की दुसऱ्याच मिनिटाला भरायचं राहिलेलं बिल आठवतं, उत्तर न दिलेला मेसेज आठवतो, आणि आपण डोळे मिटून मनातल्या मनात दिवसाची आखणी करत बसतो. यावर बहुतेक जण एकच उपाय योजतात: उद्यापासून पहाटे उठून तासभर बसायचं. हा निश्चय सहसा आठवडाभरही टिकत नाही. मन भटकणारच, हे धरूनच सुरुवात करावी. शिकायचं आहे ते त्याला परत आणायला, आणि त्यासाठी रोजची दहा मिनिटं पुरतात.

आधी फोनचं बघा. सकाळी उठून पहिल्यांदा हातात फोन आला, की पुढची दहा मिनिटं देवाची राहत नाहीत. तो रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. फोन सायलेंटवर टाकून शेजारी ठेवणं पुरेसं नाही. आवाज आला नाही तरी हात तिकडे जातोच. बायबल फोनवरच वाचत असाल तर रात्री झोपण्यापूर्वी सकाळचा अध्याय उघडून ठेवा आणि फ्लाइट मोड लावा. तरी छापील बायबल केव्हाही बरं, कारण त्यात वाचता वाचता दुसरीकडे घसरायला जागा नाही.

दहा मिनिटांची वाटणी साधारण अशी करावी. पहिलं मिनिट गप्प बसायचं. पुढची चार मिनिटं दहा-बारा वचनं पुटपुटत वाचायची. मनात वाचताना डोळे ओळींवरून नुसते फिरतात, जीभ मात्र प्रत्येक शब्दावर थांबते. मग त्यातलं मनाला लागलेलं एकच वचन घेऊन तीन मिनिटं त्यावर मनन, आणि उरलेली दोन मिनिटं त्याच वचनाला धरून प्रार्थना. काय वाचावं हे रोज सकाळी ठरवत बसू नका, त्यातच वेळ जातो. मार्ककृत शुभवर्तमान घ्या: 16 अध्याय, बहुतेक प्रसंग आटोपशीर, आणि या वेगाने दोन महिन्यांच्या आसपास पूर्ण होतं.

आता मन भटकलं तर काय? शेजारी एक कागद आणि पेन्सिल ठेवा. ‘बिल’ आठवलं की ‘बिल’ एवढंच लिहा आणि परत या. विसरण्याची भीती गेली की तो विचार बहुतेक वेळा मागे लागत नाही. तीच काळजी तिसऱ्यांदा आली, तर मात्र तिला हुसकावू नका. तिचीच प्रार्थना करा. फिलिप्पैकरांस पत्रात (4:6) पौल नेमकं हेच सांगतो, की चिंता करण्याऐवजी आपली मागणी देवापुढे मांडा. स्वतःला रागावण्यात मात्र एक सेकंदही घालवू नका. ‘मला साधी प्रार्थनाही जमत नाही’ हा विचारसुद्धा भटकणंच आहे, फक्त दिसायला धार्मिक.

परत येण्यासाठी ठरलेलं छोटं वाक्य असावं. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या मठवासीने 70व्या स्तोत्राची सुरुवात यासाठी सुचवली होती: देवा, मला सोडव, माझ्या साहाय्याला त्वरा कर, असा तिचा आशय. भीतीत, कंटाळ्यात, मोहात, कुठेही ती चालते. वाक्य महिनाभर तरी बदलू नये.

दिवसाच्या धावपळीसाठी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडून बघा. नहेम्या हा पारसचा राजा अर्तहशश्त याच्या दरबारातला यहुदी सेवक. राजा त्याला विचारतो, तुझी विनंती काय? चौथ्या वचनात नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि पाचव्यात राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मावली एवढी लहान प्रार्थना! पण त्याआधी किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे चारेक महिने तो यरुशलेमच्या पडलेल्या तटासाठी झुरत होता. उपास आणि प्रार्थना चालूच होती. सकाळची बैठक सोडून नुसत्या उभ्या-उभ्या प्रार्थनांवर दिवस काढणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

अशा क्षणभराच्या प्रार्थना रोजच्या हालचालींना बांधा: फोन उचलण्याआधी, दार उघडताना, हात धुताना. सुरुवातीला दोनच जागा निवडा. दहा निवडल्या तर एकही लक्षात राहत नाही. काही आठवड्यांनी ती जागा सवयीत विरते आणि प्रार्थना यांत्रिक होते; तेव्हा जागा बदला. आणि गाडी चालवताना किंवा आकडेमोड करताना देव आठवला नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. कलस्सैकरांस पत्र (3:23) काम प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करायला सांगतं, म्हणजे काम करताना लक्ष कामातच हवं. आधी एक वाक्य, नंतर एक वाक्य, बास.

दुपारचं वेगळं. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियस या वाळवंटातल्या साधूने या वेळेचं हुबेहूब वर्णन केलंय: सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, साधू सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते पाहतो. आपण त्याच वेळी फोनवर बोट फिरवत असतो. अंगठा स्क्रीनकडे जातोय हे ध्यानात आलं, की आधी 131वं स्तोत्र म्हणा. तीनच वचनं आहेत, सहज पाठ होतात. त्यानंतरही फोन हवासा वाटला तर खुशाल घ्या. पुष्कळदा नको वाटतो.

माणसांना मात्र फोनसारखं लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींत धरू नका. येशू पहाटे एकांतात प्रार्थना करत होता (मार्क 1:35), तिथे शिमोन शोधत आला: सगळे तुमचा शोध करताहेत. येशू त्याच्यावर चिडला नाही. चला, जवळच्या गावांत जाऊ, म्हणाला. लहान मूल रडत उठलं तर बायबल मिटून मुलाकडे जा. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी सलग दहा मिनिटांचा हट्ट सोडून दोन-दोन मिनिटांचे तुकडे करावेत. येशूच्या पाहुणचाराच्या कामात गुंतलेल्या मार्थेला प्रभू बोलला ते तिच्या काळजीबद्दल आणि दगदगीबद्दल (लूक 10:41). सेवा करू नकोस असं तो म्हणाला नाही.

रात्री पाच मिनिटं दिवस उलगडून पाहा. सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीत सुरुवात उपकारस्तुतीने होते, आणि तो क्रम मोडू नये. थेट चुकांपासून सुरुवात केली की पापांची वही भरते आणि चार दिवसांत बसणंच टळतं. मग एवढंच बघा: आज लक्ष कुठल्या वेळी सुटलं? रोज तीच वेळ निघत असेल तर उद्याची एक छोटी प्रार्थना तिथे बांधा.

दिवस चुकले तर भरपाई म्हणून दुप्पट वाचू नका. खूण जिथे आहे तिथूनच पुढे, पहिल्या दिवशी दोनच मिनिटं. कित्येक आठवडे सगळंच कोरडं वाटत असेल तर पाळकांशी किंवा विश्वासातल्या एखाद्या बहीण-भावाशी बोला. सोबत झोप आणि भूकही गेली असेल तर डॉक्टरांनाही भेटा.