बंद गिरणीच्या पाहणीला जाण्यापूर्वी

गिरणगावातील एखादी बंद गिरणी जतन करावी का, आणि करायची तर तिचा कोणता भाग, हे ठरवण्याची पाहणी प्रत्यक्ष आवारात नव्हे, तर दप्तरापासून सुरू करावी. गिरणीचे जुने नकाशे, यंत्रखरेदीची कागदपत्रे आणि बॉयलर तपासणीचे दाखले आधी मिळवावेत. इमारत मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीखाली कोणत्या श्रेणीत नोंदली आहे, हेही पाहून ठेवावे. तत्कालीन विकास नियंत्रण नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनींबाबतचा ५८ वा नियम १९९१ च्या मूळ रूपात आणि २००१ च्या दुरुस्तीसह वाचावा, कारण दुरुस्तीनंतर महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यातील जमिनीची वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली आणि हे न समजता केलेली शिफारस टिकत नाही.

आवारात शिरल्यावर चिमणीचे छायाचित्र घेण्याची घाई करू नये. कापसाच्या गाठींच्या गोदामापासून ब्लोरूम (कापूस मोकळा आणि साफ करणे), कार्डिंग (पिंजणे), रिंग (सूत कातणे), वाइंडिंग (सूत गुंडाळणे), सायझिंग (सुताला खळ लावणे), लूम (माग) आणि शेवटी फोल्डिंगपर्यंत (कापडाच्या घड्या घालणे) माल कसा सरकत असे, तो मार्ग नकाशावर रेखाटावा आणि त्यातील कोणते दुवे शाबूत आहेत, कोणते तुटले आहेत, हे खात्यागणिक लिहावे. माझ्या मते मूल्यमापनाचा कणा हाच आहे. यंत्रे किंवा पूरक बांधकामे काढून टाकली की औद्योगिक स्थळाचे मूल्य फार घटते, असे औद्योगिक वारशाविषयीची २००३ ची निझनी तागिल सनदही सांगते. मॉलच्या आवारात एकटी उरलेली चिमणी पाहिली की त्याची खात्री पटते. दातेरी छपराच्या काचा उत्तरेकडे का आहेत (थेट ऊन टाळून दिवसभर सारखा उजेड मिळावा म्हणून), हेही अहवालात यावे, नाहीतर दुरुस्तीत त्या जागी पत्रे बसतात.

सर्वांत तातडीची तयारी माणसांच्या मुलाखतींची आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा विशी-पंचविशीत असलेले कामगार आज साठी ओलांडून गेले आहेत. त्यांना केवळ संपाबद्दल विचारू नये. शक्य असल्यास त्यांना आवारात नेऊन कोणता साचा (यंत्र) कुठे होता, बदलीवाले (गैरहजर कामगारांच्या जागी लागणारे कामगार) सकाळी कुठे थांबत, हे विचारावे. वाइंडिंग खात्यातील स्त्रियांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात, कारण त्यांच्या कामाच्या खुणा इमारतीत फारशा उरत नाहीत.

हेल्मेट, विजेरी, मोजपट्टी आणि ॲस्बेस्टॉसपासून बचावासाठी योग्य मुखपट्टी सोबत असावी. अंतिम शिफारस लिहिण्याआधी एक फेरी भर पावसात अवश्य करावी, कारण छपराच्या दोन दातांमधल्या पन्हळी कुठे गळतात आणि खालचे लाकूड किती कुजले आहे, हे उन्हाळ्यात दिसत नाही.