आखाड्यावरची जबर बॅटरी: बनवून कशी घ्यावी, सांभाळावी कशी

आमच्या परभणीकडे शेतातल्या मुक्कामाच्या जागेला ‘आखाडा’, टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्यात घालतात तो ‘सेल’. या लेखात मी हेच शब्द वापरणार आहे, म्हणजे गोंधळ नको.

रब्बीत लाईटची रात्रपाळी आली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री एकटा निघतो. पायाखाली काय आहे आणि धुऱ्यापलीकडे काय हललं, हे दोन्ही त्याला दिसलं पाहिजे. आठवडी बाजारातली चार्जिंगची बॅटरी पायापुरती चालते. रानडुकराचा कळप उभ्या पिकात शिरला तर तिचा काही उपयोग नाही. म्हणून मी सुटे भाग जमवले, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर बॉडी कातून घेतली आणि बॅटरी बनवली. पहिली फसली. दुसरी आजही रोज हातात असते. दोन्हींतून जे कळलं ते असं.

आधी शेत मोजा

दुकानदार ‘ल्युमेन’चा आकडा सांगतो. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो लांब किती जाईल हे ‘कँडेला’वर, म्हणजे एका दिशेला एकवटलेल्या उजेडावर, ठरतं. हिशोब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर. ४०,००० कँडेला असेल तर ४०० मीटर. पण त्या टोकाला उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उरतो, म्हणून कामाचं अंतर निम्मं धरावं. पाच एकरांचं चौकोनी शेत एका बाजूने साधारण १४२ मीटर भरतं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २०० मीटर. म्हणजे ४०० मीटरची बॅटरी पाच एकराला पुरते. किलोमीटरभर मारा करणारी घेतली तर झोत इतका बारीक होतो की बाजूचं काहीच दिसत नाही.

एलईडी आणि रिफ्लेक्टर

लांबचाच मारा हवा असेल तर ल्युमिनसच्या एसएफटी-४० सारखी लहान, बिनघुमटाची (वर पारदर्शक घुमट नसलेली) एलईडी आणि खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टर घ्या. मी क्री कंपनीची एक्सएचपी ७०.२ घेतली. ती ७ मिलिमीटर चौरस आहे, उजेड भरपूर आणि पसरट देते. तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत रिफ्लेक्टर बसवला की मधला झोतही मिळतो आणि पायाशी उजेडही राहतो.

रंगाकडे दुर्लक्ष करू नका. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड डोळ्याला जास्त वाटतो, पण त्यात तपकिरी छटा मरतात. वाळल्या पाल्यावर पडलेली घोणस तपकिरीच असते. एलईडी ४००० ते ५००० केल्विनची मागा आणि रंग खरे दाखवणारी, म्हणजे ९० च्या आसपास सीआरआय असलेली मिळाली तर थोडे ल्युमेन सोडून द्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची निवड हीच आहे.

उष्णतेला वाट करून द्या

माझी पहिली बॅटरी इथेच फसली. पूर्ण उजेडावर ही एलईडी ४० वॅटच्या आसपास खाते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वीज उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तेवढी उष्णता एका नखाएवढ्या जागेतून सतत निघते, असं समजा. मी पातळ नळीची बॉडी घेतली होती आणि एलईडी ॲल्युमिनियमच्या स्वस्त पट्टीवर बसवली होती. पंधरा दिवसांत उजेड निळा पडला, मग मंद झाला.

दुसऱ्या वेळी तीन गोष्टी बदलल्या. पट्टी तांब्याची घेतली, तीही अशी, की एलईडीचा मधला भाग थेट तांब्यावर झाळला जातो आणि मध्ये इन्सुलेशनचा थर राहत नाही. पट्टीखाली थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा, पातळ हात दिला. थापून लावली तर ती उलट अडथळा करते. आणि डोकं भरीव ॲल्युमिनियमच्या सळईतून कातून घेतलं. एलईडीमागचा भाग जाड ठेवायला सांगितला आणि बाहेरून खाचा पाडल्या. टर्नरला नळी कातून द्या म्हणू नका, डोकं आणि एलईडीचा पाट एकाच तुकड्यात हवा म्हणा. वजन अर्ध्या किलोच्या वर गेलं, पण ते वजनच उष्णता झेलतं.

ड्रायव्हर, म्हणजे आतलं सर्किट, निवडताना दोन गोष्टी अडून मागा. बॉडी तापली की त्याने करंट आपोआप उतरवला पाहिजे, आणि सेल तीन व्होल्टच्या आसपास आला की बंद केलं पाहिजे. एवढ्या ताकदीची कोणतीही हातातली बॅटरी पूर्ण उजेडावर काही मिनिटंच टिकते, मग स्वतःहून खाली येते. तो बिघाड नाही.

सेल

हा भाग जपून वाचा, कारण जीवाशी खेळ इथेच होतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब सेल. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. चांगला १८६५० सहसा ३५०० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलची साठवण) आसपास असतो. अंगावर ९९०० लिहिलेलं असेल तर तो खोटा. असा एक मीही आणला होता. काट्यावर ठेवला तर तीस ग्रॅमच्या आत भरला. खरा ४५ ग्रॅमच्या पुढे भरतो, २१७०० सत्तरच्या आसपास. म्हणून सेल घ्यायला जाताना सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा न्या.

माझ्या बॅटरीत दोन २१७०० एकामागे एक बसतात. अशी जोडणी असेल तर दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले, कायम एकत्रच वापरलेले हवेत. जुना-नवा मिसळला तर अशक्त सेल आधी संपतो, दुसरा त्याला उलटा ओढतो आणि तो पेट घेऊ शकतो. चार्ज करताना दोघांना बाहेर काढून स्वतंत्र खणांच्या चार्जरमध्ये ठेवा. भरल्यावर मल्टिमीटरने ४.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. वरचं प्लास्टिकचं वेष्टन नखाएवढं फाटलं तरी नवं चढवल्याशिवाय सेल वापरू नका. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात कधीच नको, त्याला प्लास्टिकची डबी करा.

रात्री वापरताना

पाच हजार एमएएचच्या दोन सेलमध्ये ३६ वॅट-तास वीज असते. चाळीस वॅटने जाळली तर तासभरही पुरणार नाही. दोन वॅटवर ठेवली तर रात्र निघते आणि त्यात पाणी द्यायला लख्ख दिसतं. म्हणून चालताना कमी उजेड, आणि काही हललं तरच पूर्ण. पूर्ण उजेड पायाशी पाडू नका: डोळे दिपतात, आणि ते पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात मण्यार बाजूने गेली तरी कळायचं नाही. धुकं असेल तर बॅटरी कमरेजवळ धरा. डोळ्याजवळ धरली की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

माणसाच्या डोळ्यांवर, मोटारसायकलवर, ऊसतोडीच्या बैलगाड्यांवर झोत टाकू नका. बैल बुजले तर गाडी थेट नालीत जाते. रोही, डुकरं हाकलायला एक झोत पुरतो, मागे लागून त्यांना रस्त्याकडे पळवू नका. गौताळ्यासारख्या अभयारण्यात झोत टाकून जनावरं शोधत फिरण्याचा तर विचारही नको.

कापूस वेचलेला असेल त्या दिवसांत एक सवय लावून घ्या. एवढ्या ताकदीची बॅटरी चालू राहून तोंडाने कापसावर किंवा कडब्याच्या गंजीला टेकली तर तिथे जळू शकतं. पिशवीत बटण आपोआप दाबलं जातं. म्हणून काम झालं की मागचं झाकण पाव आटा सैल करा, सर्किट तुटतं. आट्यांना ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर वीज अडवणारा थर, केलेलं असेल तरच हे जमतं. बॉडी करून घेतानाच तसं सांगा आणि लगेच तपासून पाहा.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा ट्रॅक्टरच्या सीटखाली सेल ठेवू नका. सिंचन थांबलं की सेल अर्धे भरून, ३.७ ते ३.८ व्होल्टवर, घरातल्या गार कोपऱ्यात डबीत ठेवा. ४५ अंशांच्या वर चार्जिंग टाळा, उन्हाळ्यात ते पहाटे करा. चार्जर फरशीवर ठेवा, गादीजवळ किंवा गंजीजवळ नाही, आणि सेल हाताला चटका देण्याइतका तापला तर लगेच काढून मोकळ्या मातीवर नेऊन ठेवा.

पावसाळ्याआधी झाकणाची रबरी कडी काढून पुसा आणि तिला सिलिकॉन ग्रीस लावा. मोटारीचं ग्रीस लावलं तर रबर फुगू शकतं. आट्यात चिखल असेल तर आधी कोरड्या ब्रशने काढा. मेलेला सेल उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर अजिबात नका: टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत साठवा आणि शहरात जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.