व्यवसाय सोपवायचा किंवा विकायचा असेल, तर तयारी कधी आणि कशी सुरू करावी

बेळगावातील उद्यमबागेतील मशिनशॉप, वडगाव-खासबागेतील यंत्रमाग, शहापुरातील साड्यांचे दुकान किंवा निपाणीतील तंबाखूची वखार असे आपल्या भागातील बहुतेक लहान व्यवसाय एकाच व्यक्तीच्या मालकीचे असतात आणि कायद्याच्या दृष्टीने अशा व्यवसायाला मालकाहून वेगळे अस्तित्व नसते. जीएसटी आणि उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) या दोन्ही नोंदण्या मालकाच्या पॅनवर असतात. चालू खाते आणि व्यापार परवानाही त्याच्याच नावाने असतो. मालकाचे निधन झाल्यास वारसाला स्वतःच्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, शिल्लक इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ हा फॉर्म भरून वळवून घ्यावे लागते आणि तोपर्यंत कामगारांचा पगार व कच्च्या मालाची देणी थांबत नाहीत. घरात सुतक असताना बायकामुलांना कपाटातील कागद धुंडाळत बसावे लागू नये, असे ज्याला मनापासून वाटते त्याने ही तयारी सोपवण्याच्या निदान पाच वर्षे आधी सुरू करावी. खरेदीदार आणि त्याची बँक सहसा मागील तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात, आणि नव्या माणसाला गिऱ्हाइकांची ओळख होऊन कामाची घडी बसण्यास वर्ष-दोन वर्षे लागतातच.

पहिले काम घरातच करायचे आहे. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला असेल, तर तो परत येईल असे गृहीत न धरता त्याला स्पष्ट विचारावे, आणि मुलीलाही तितक्याच गांभीर्याने विचारावे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये ही दुरुस्ती झाली आणि त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ‘बहिणी काही मागणार नाहीत’ या भरवशावर कारखाना एका मुलाला देऊन टाकणे धोक्याचे आहे. स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात आणि नोंदणी सक्तीची नसली तरी ती करून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, हा समज मात्र सोडून द्यावा, कारण नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण तेवढ्यावरून ती मालक ठरत नाही.

यानंतर कागदपत्रांकडे वळावे. सीमाभागात या टप्प्यावर एक अडचण हमखास उभी राहते. आधार आणि पॅनवर नाव इंग्रजीत, महापालिकेच्या खाता उताऱ्यावर (मालमत्तेच्या नोंदीवर) कन्नडमध्ये आणि जुन्या खरेदीखतावर मराठीत असते. कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते, तर कुठे लिप्यंतर करताना एखादे अक्षरच बदललेले असते. मालक हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जाने किंवा प्रतिज्ञापत्राने होऊ शकते; त्याच्या पश्चात तीच गोष्ट वारसांना पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. म्हणून सर्व कागद एकदा टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावांची अक्षरन् अक्षर तुलना करावी. खरेदीदार चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरचा असण्याची शक्यता असेल, तर कन्नड कागदांचे प्रमाणित भाषांतर तयार ठेवावे.

जागेचा प्रश्न यंत्रांहून अवघड असतो. शेड आजोबांच्या नावावर राहिली असेल आणि चुलत भावंडांच्या सह्या बाकी असतील, तर आधी वाटणीपत्र नोंदवून घ्यावे, कारण भाऊबंदकीत अडकलेल्या जागेवर सहसा कोणी पैसे लावत नाही. औद्योगिक वसाहतीतील भूखंड केआयएडीबीकडून (कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाकडून) लीज-कम-सेल, म्हणजे आधी भाडेपट्टा व नंतर विक्री, या तत्त्वावर मिळालेला असेल, तर अंतिम खरेदीखत झाले आहे की नाही हे पाहावे. ते झाले नसल्यास मंडळाच्या परवानगीवाचून हस्तांतर करता येत नाही.

आता मालकाच्या डोक्यात असलेल्या गोष्टी. या कामाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि व्यवसायाची खरी किंमत बहुधा याच गोष्टींवर ठरते. एखाद्या लहान फाउंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. माळ्यावर लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न (ज्यांवरून ओतकामाचा साचा करतात ते नमुने) वर्षानुवर्षे रचून ठेवलेले असतात. त्यांतील बरेचसे गिऱ्हाइकांच्या मालकीचे, काही स्वतः खर्च करून बनवलेले, तर काही बंद पडलेल्या कामांचे असतात. कोणता कोणाचा हे फक्त मालकाला आणि साचे करणाऱ्या एखाद्या जुन्या मोल्डरला ठाऊक असते. प्रत्येक पॅटर्नवर रंगाने क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकासमोर पार्टीचे नाव, मालकी, नगाचे वजन, धातूची प्रत आणि शेवटचा दर लिहावा. दर कसा काढला, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या नगांसाठी किती टक्के धरले, हेही त्यात असावे. यंत्रमागाच्या बाबतीत असेच महत्त्व उचलीच्या नोंदींना आहे: कोणत्या विणकराने किती उचल घेतली, किती फिटली आणि बाकी किती, यावर त्याची व मालकाची दोघांचीही सही हवी. शब्दावर चाललेला व्यवहार दोन माणसांच्या विश्वासावर उभा असतो, आणि तो विश्वास तिसऱ्या माणसाच्या नावे करून देता येत नाही.

हिशेबाबाबत थोडक्यात सांगायचे तर घरखर्च धंद्याच्या खात्यातून करणे आजच थांबवावे आणि प्रत्येक विक्रीचे बिल करावे. विवरणपत्रात न दाखवलेल्या नफ्याची किंमत कोणीही देणार नाही.

वारस निश्चित असेल, तर त्याला किंवा तिला आधीच भागीदार करून घेणे हा चांगला मार्ग आहे. मात्र १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे ठरवलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते, आणि भागीदार दोनच असतील तर असे कलम घालूनही उपयोग होत नाही, कारण एकट्याची भागीदारी असू शकत नाही. म्हणून तिसरा भागीदार घ्यावा किंवा एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा) विचार करावा. भागीदारीला स्वतंत्र पॅन व जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा हा बदल आर्थिक वर्षाच्या आरंभी केल्यास हिशेब सोपा जातो.

विक्री परक्या व्यक्तीला होणार असेल, तर जीएसटी कायद्याचे कलम ८५ लक्षात ठेवावे. संपूर्ण किंवा अंशतः व्यवसाय हस्तांतरित झाला, तर त्या दिवसापर्यंतच्या थकीत करासाठी विकणारा व घेणारा दोघेही जबाबदार ठरतात, त्यामुळे जाणकार खरेदीदार जुन्या नोटिसांची चौकशी करतोच. दहा किंवा अधिक कामगार असल्यास ग्रॅच्युइटीचे देणे काढून ठेवावे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन या हिशेबाने जुन्या कामगारांची रक्कम मोठी होते आणि ती कोण देणार हे करारात लिहावे लागते. दुकानाच्या नावालाच गिऱ्हाईक येत असेल, जसे कुंदा या बेळगावच्या मिठाईच्या व्यवसायात होते, तर त्या नावाचा ट्रेडमार्क आधी नोंदवावा. नोंदणी दहा वर्षे टिकते, तिचे नूतनीकरण होते आणि ती दुसऱ्याच्या नावे करून देता येते.

नावलौकिकासह व्यवसाय विकताना, ठरावीक परिसरात तसाच व्यवसाय पुन्हा करणार नाही, अशी अट खरेदीदार घालतो आणि ती वाजवी असेल तर भारतीय करार कायद्यानुसार वैध असते. सही करण्यापूर्वी त्या परिसरात केवळ बेळगाव शहर येते की खानापूर, हुक्केरी, चिकोडीही येतात, हे नीट वाचावे, आणि विक्रीनंतर किती महिने, दिवसाचे किती तास आणि कोणत्या मोबदल्यावर आपण दुकानात बसून नव्या मालकाला काम दाखवणार आहोत, हेही त्याच करारात लिहून घ्यावे.