व्हीलचेअरवरून कमोडवर बसता येईल असे शौचालय कसे बांधावे

दारावर व्हीलचेअरचे चित्र लावले आणि भिंतीला एक चकचकीत दांडा ठोकला की काम झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत. तसल्या शौचालयात खुर्ची आत जाते, पण माणूस कमोडपर्यंत पोचत नाही. खुर्चीच्या बैठकीवरून कमोडच्या सीटवर सरकणे हेच इथले खरे काम. तिथे माप चुकले तर बाकीचा सगळा खर्च वाया. म्हणून आधी कमोडची जागा ठरवा आणि खोली तिच्याभोवती आखा.

खोली आणि दार

खोली आतून २२०० × २००० मिमी घ्या. त्यात १५०० मिमी व्यासाचे वर्तुळ खुर्ची वळवायला मोकळे राहू द्या. दार बाहेरच उघडले पाहिजे. आत कुणी पडून दाराला टेकले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. मोकळी रुंदी ९०० मिमी हवी, म्हणजे दार उघडल्यावर प्रत्यक्ष उरणारी. ९०० ची चौकट बसवली तर तिचे लाकूड आणि पल्ल्याची जाडी वजा जाऊन ८०० सुद्धा उरत नाहीत. चौकट बाहेरून निदान १०५० ची मागवा. उंबरठा नको. कडी अशी घ्या की बंद मुठीनेही सरकेल.

कमोडची जागा

इथे घाई करू नका. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ४६० मिमीवर येतो, पण हे माप टाइल लावून झालेल्या भिंतीपासूनचे आहे. गिलावा आणि टाइल मिळून ३०-३५ मिमी खातात. प्लंबरने कोऱ्या विटेपासून ४६० मोजून पाइप काढला, तर शेवटी ४२५ उरतात आणि बसणाऱ्याचे कोपर भिंतीला घासते. उलट मध्य ५५०-६०० वर गेला, तर दांडा लांब पडतो आणि ताणलेल्या हाताने शरीराचा भार उचलता येत नाही. कोऱ्या भिंतीवर ४९५ ची खूण स्वतः करा आणि पाइप निघेपर्यंत तिथेच उभे राहा. लादी झाल्यावर ही चूक फोडाफोडीशिवाय सुधारत नाही.

सीटची उंची तयार फरशीपासून ४५० ते ४८० मिमी. साधा कमोड ४०० च्या आसपास असतो. त्यावर उतरणे सोपे, पण परत खुर्चीवर जाताना अंग नुसत्या हातांवर वर ओढावे लागते. प्लास्टिकची उंच रिंग ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नका. सरकताना भार एका कडेवर येतो आणि रिंग कलंडते. कमोडखाली ओटा घालणार असाल तर तो कमोडच्या बुडाएवढाच ठेवा. बाहेर आलेल्या कडेला खुर्चीचे पायटे अडतात. सगळ्यांत चांगला भिंतीवर टांगलेला कमोड, कारण त्याची उंची हवी तशी धरता येते.

कमोडचे पुढचे टोक मागच्या भिंतीपासून ७०० ते ७५० मिमी यायला हवे. जागा वाचवायला आखूड कमोड बसवला तर खुर्ची शेजारी उलटी लावताना मागची मोठी चाके आधीच भिंतीला भिडतात आणि दोन्ही बैठका शेजारीशेजारी येतच नाहीत. कमोडच्या मोकळ्या बाजूला ९०० मिमी जागा पूर्ण रिकामी ठेवा. बेसिन, कचऱ्याचा डबा, सांडपाण्याची जाळी, काहीही तिथे नको.

इमारतीत अशी दोन शौचालये असतील तर एकात मोकळी बाजू डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे घ्या. पक्षाघात झालेल्या माणसाचा एकच हात चालतो. त्याला आपली बाजू निवडता आली पाहिजे.

दांडे

भिंतीकडचा आडवा दांडा फरशीपासून ७०० मिमीवर, मोकळ्या बाजूचा वर उचलता येणारा, कमोडच्या मध्यापासून ३२० मिमीवर. जाडी ३२ ते ३८ मिमी. भिंत आणि दांडा यांत ४० ते ५० मिमी अंतर हवे. कमी असेल तर बोटांची पेरे सोलतात. जास्त असेल तर हात निसटून कोपरापर्यंत आत जातो आणि माणूस अडकलेल्या हातावर पडतो.

टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत प्लास्टिकचे गट्टू धरत नाहीत, तिथे आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्या. जिप्समच्या भिंतीत बोर्ड लावण्याआधीच प्लायवूडचा आधार बसवून ठेवा. बसवल्यावर धष्टपुष्ट माणसाला पूर्ण वजनानिशी लोंबकळायला सांगा, खाली आणि बाजूला दोन्हीकडे. जरासा करकरला तरी काढून नव्याने लावा. आणि पांढऱ्या टाइलवर पांढरा दांडा नको, कमी दिसणाऱ्याला तो सापडत नाही.

बाकीचे

फरशी ओली असतानाही न घसरणारी, उतार ५० ला १ पेक्षा जास्त नाही, नाहीतर खुर्ची आपोआप सरकते. बेसिन ८०० मिमीवर, खाली खांब नको, गुडघ्यांना ७०० मिमी उंच पोकळी. गरम पाण्याचा पाइप झाका, कारण पायांत संवेदना नसेल तर भाजलेले कळत नाही. आरसा ९०० पासून वर.

धोक्याच्या घंटेची लाल दोरी फरशीपासून १०० मिमीपर्यंत लोंबती ठेवा, कारण ती खाली पडलेल्या माणसासाठी आहे. पुसताना अडते म्हणून सफाई करणारे तिला गाठ मारून वर गुंडाळतात. त्यांना कारण समजावून सांगा. ताबा देण्याआधी स्वतः फरशीवर आडवे पडून ती ओढून बघा.