घरातला शनिवार-रविवार आणि एक अंधारी खोली

शुक्रवारी काम संपलं की लॅपटॉप बंद करा, चार्जरसकट कपाटात ठेवा आणि कपाट लावून घ्या. टेबलावर झाकून ठेवलेला लॅपटॉप शनिवारी अकरा वाजता ‘एकच मेल बघतो’ म्हणून उघडला जातो आणि जेवायच्या वेळेपर्यंत बंद होत नाही. २०२० च्या करोना लॉकडाऊनमध्ये ऑफिस, शाळा आणि घर एकाच टेबलावर आलं होतं. टेबल रिकामं झाल्याशिवाय सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

त्याच संध्याकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसून एक कागद भरायचा. त्यावर तीनच गोष्टी हव्यात: शनिवारी सगळ्यांनी मिळून करायचं एक काम, रविवारचं एक, आणि घरकामाची वाटणी. मिळून करायचं काम दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका. बाहेर जाता येत नसलं की दोन दिवसांत आठ-दहा कार्यक्रम कोंबण्याचा मोह होतो. मग शनिवारी दुपारीच कोणीतरी वैतागतं, कोणीतरी रडतं, आणि आखणी करणारा माणूस सगळ्यांवर रुसून बसतो. बातम्यांचीही वेळ ठरवून टाका, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, वीस-वीस मिनिटं. दिवसभर टीव्ही चालू राहिला तर घरात शांतता कितीही असली तरी ती कोणाच्या वाट्याला येत नाही.

घरकाम शनिवारी सकाळीच उरकून घ्या. फरशी-संडास घासण्याबद्दल एक सांगायलाच हवं. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्लाचं लिक्विड एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र आलं तरी घसा-डोळे जाळणारा विषारी वायू तयार होतो. दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात हे फार लवकर अंगावर येतं.

शनिवार: खोलीचाच कॅमेरा

शाळेत सूचिछिद्र प्रतिमाग्राहक (पिनहोल कॅमेरा) सगळ्यांनीच केलेला असतो, खोक्याचा. तोच अख्ख्या खोलीचा करायचा आणि आपण त्याच्या आत बसायचं. बाहेर जाता येत नसेल तर बाहेरचं आत आणण्याची याहून स्वस्त युक्ती नाही, आणि सहा वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांना त्यात काहीतरी काम असतं. अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने अकराव्या शतकातच अशा भोकातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. १५४४ मध्ये डच गणितज्ञ गेमा फ्रिसियसने अशाच अंधाऱ्या खोलीतून सूर्यग्रहण पाहिलं.

खोली निवडताना खिडकीसमोर काय दिसतं ते आधी बघा. हातभर अंतरावर शेजारची भिंत असेल तर काही उपयोग नाही. झाडं, गच्च्या, समोरची इमारत आणि थोडं आकाश असलं की पुरे. बाहेरच्या दृश्यावर थेट ऊन हवं, म्हणजे सूर्य आपल्या घराच्या मागे हवा. पश्चिमेची खिडकी असेल तर सकाळी नऊ-दहाला, पूर्वेची असेल तर दुपारी चारच्या सुमारास. ढगाळ दिवशी हा खेळ काढूच नका, चित्र इतकं फिकट येतं की मुलं दोन मिनिटांत उठून जातात. खिडकी ते समोरची भिंत हे अंतर अडीच ते साडेतीन मीटर असावं आणि भिंत फिकट रंगाची असावी. नसेल तर पांढरी चादर ताणून लावा, चुणी पडू न देता.

सामान घरातलंच: मोठे पुठ्ठे, चिकटपट्टी, अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, कटर, एक जाडसर कार्ड. वर्तमानपत्राने खिडकी झाकायला जाल तर फसाल, एक पान उन्हात चक्क उजळून निघतं. कागदच वापरायचा तर निदान पाच-सहा थर लावा. रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी असेल तर उत्तम, ती काढताना रंग उपटत नाही. ब्राऊन टेप भिंतीला लावू नका, फक्त चौकटीला किंवा काचेला लावा.

पुठ्ठा खिडकीच्या मापाचा कापून बसवा, कडा टेपने बंद करा. डोळ्यांच्या उंचीवर पुठ्ठ्यात पाच सेंटीमीटरचा चौकोन कापा. भोक मात्र या पुठ्ठ्याला पाडायचं नाही. वेगळ्या कार्डाला १५ मिलिमीटरचं स्वच्छ गोल भोक पाडा आणि ते कार्ड चौकोनावर चिकटवा. जाड पुठ्ठ्यातलं भोक बोगद्यासारखं असतं, बाजूने तिरका येणारा प्रकाश त्याच्या कडांना अडतो आणि चित्राचे कोपरे काळे पडतात. खिडकी उघडी राहू शकत असेल तर उघडीच ठेवा, नाहीतर काच पुसून घ्या. डासांची जाळी सरकवा. भोकासमोर गजाचा दांडा येत नाही ना, तेही बघा.

आता दिवे बंद. आणि इथेच बहुतेक जण चुकतात: भिंत कोरी दिसली की भोक मोठं करायला धावतात. थांबा. बाहेर लख्ख ऊन असलं तरी एवढ्याशा भोकातून भिंतीवर येणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच असतो, आणि डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं तरी लागतात. तोवर फोन उघडायचा नाही, एकदा पडद्यावर नजर गेली की पुन्हा पहिल्यापासून. ही दहा मिनिटं वाया घालवू नका. दाराखालची फट, पडद्याची वरची कड, एसीचा हिरवा दिवा, वायफायचा लुकलुकणारा ठिपका हे सगळं आता एकेक करून दिसायला लागतं. मुलांना फटी शोधायला लावा. दाराखाली टॉवेल, दिव्यावर टेपचा तुकडा. चांदण्याएवढ्या उजेडात दाराची एक फटसुद्धा चित्र धुऊन टाकते.

मग भिंतीवर हळूहळू आकाश खाली आणि इमारती वर लटकलेल्या दिसू लागतात. ढग फरशीजवळून सरकतात. वाळत घातलेले कपडे वरच्या बाजूला फडफडतात. रस्त्यावरून एखादी गाडी गेलीच, तर ती खरी ज्या दिशेला जाते त्याच्या उलट दिशेला भिंतीवर जाते. प्रकाश सरळ रेषेत येतो. वरून आलेला किरण भोकातून खाली जातो, डावीकडचा उजवीकडे. मुलांना समजावून सांगत बसू नका. काठी घ्या, एक टोक भोकाशी धरा, दुसरं भिंतीवरच्या झाडाशी. काठी खिडकीबाहेर वाढवली तर कुठे लागेल, हे त्यांचं ती सांगतात.

चित्र अंधूक वाटलं तर कारण भोकाच्या मापात असतं. भोक १५ मिलिमीटरचं असेल तर बाहेरचा प्रत्येक दूरचा बिंदू भिंतीवर साधारण १५ मिलिमीटरचा ठिपका होतो, आणि असे ठिपके एकमेकांवर चढले की कडा विरघळतात. १० मिलिमीटरचं दुसरं कार्ड लावून बघा, रेषा स्पष्ट होतील पण उजेड निम्म्याहून कमी होईल. दोन-तीन कार्डं आधीच कापून ठेवली तर अंधारात कटर हातात घ्यावा लागत नाही. चित्राचा आकार अंतरावर ठरतो: २४ मीटर दूरची १२ मीटर उंच इमारत तीन मीटरवरच्या भिंतीवर दीड मीटरची येते.

खरी गंमत चष्म्याची आहे. घरात कोणाचा तरी वाचायचा चष्मा असतोच, अधिक नंबरचा. त्याचं भिंग बहिर्वक्र. कार्डाचं भोक तीन सेंटीमीटर करा, त्यावर चष्म्याची एक काच धरा आणि पांढरा कागद पुढे-मागे सरकवा. नंबर +२ असेल तर ५० सेंटीमीटरवर, +१ असेल तर एक मीटरवर चित्र एकदम टोकदार होतं. भिंतीवरच्या चित्रापेक्षा हे लहान असतं, पण +२ च्या काचेने शंभर पटीहून जास्त उजळ. पानंसुद्धा हललेली दिसतात, रंग दिसतात. दूरचं बघायचा वजा नंबरचा चष्मा इथे चालत नाही, कागद कितीही सरकवा. दुहेरी चष्मा असेल तर काचेचा खालचा भाग वापरा. एक धोका लक्षात ठेवा: भोकातून थेट ऊन येत असेल तर भिंग लावायचं नाही, कागद पेटू शकतो. आणि भिंग असो-नसो, भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही.

पांढऱ्या कागदाऐवजी ट्रेसिंग पेपर चौकटीत ताणून धरला तर चित्र मागच्या बाजूनेही दिसतं. मागून बघताना ते नुसतं १८० अंश फिरलेलं असतं, म्हणजे वाकून दोन पायांमधून बघितलं की सगळं सरळ! घरातले मोठे लोक आधी नको म्हणतात. भिंतीवरचं चित्र मात्र वर-खाली उलटं असतं. फोटो काढून नुसता फिरवला तर पाट्यांची अक्षरं आरशातल्यासारखी येतात. एडिट करताना तो फिरवायचा नाही, उभा फ्लिप करायचा. फोटोसाठी फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा. प्रो मोड असेल तर आयएसओ ८०० आणि ३ ते १० सेकंद, नाहीतर नाइट मोड. टायमर लावा, बोटाच्या धक्क्याने चित्र हलतं.

खेळ संपला की पुठ्ठा त्याच दिवशी उतरवा. काळी पिशवी चिकटवलेली काच उन्हात असमान तापते आणि तडकू शकते.

दुपारचे दोन तास

जेवण झाल्यावर दोन तास कोणी कोणाशी बोलायचं नाही, हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण दुसऱ्या दिवशी मुलंच आठवण करून देतात. घर दोन खोल्यांचं असलं तरी चालतं. खुर्च्या एकमेकांकडे पाठ करून ठेवा, प्रत्येकाचा कोपरा ठरवा आणि त्यात दुसऱ्याने जायचं नाही. चार वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं, आठ वर्षांच्याला पाऊण तास, एवढीच अपेक्षा ठेवा. त्यानंतर एका मोठ्याने त्यांना घ्यायचं आणि दुसऱ्याने झोपायचं, रविवारी उलट. घड्याळ काट्यांचं असावं. ‘मोठा काटा सहावर आला की’ हे लहान मुलाला दिसतं, ‘अर्ध्या तासाने’ हे दिसत नाही. मुलांनी चादरीचा तंबू केला तर करू द्या, उजेडाला आत टॉर्च द्या. दिव्याचा बल्ब किंवा मेणबत्ती नको.

जिगसॉ असेल तर तो याच वेळेसाठी ठेवा. हजार तुकड्यांचा बहुतेक २७ गुणिले ३८ असा असतो, म्हणजे प्रत्यक्षात १०२६ तुकडे, आणि त्यातले कडेचे १२६. आधी कडा, मग रंगांप्रमाणे ताटल्या. तो जेवायच्या टेबलावर मांडू नका, मोठ्या पुठ्ठ्यावर मांडा आणि पलंगाखाली सरकवा.

रविवार: घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज

दुसऱ्या दिवसाचं काम बसून करायचं आहे. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी चाळीस मिनिटं बोलायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. जागा झोपायची खोली. गादी-पडदे आवाज शोषून घेतात, हॉलमध्ये घुमतो. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, फोन एअरप्लेन मोडवर. घडी केलेल्या टॉवेलवर फोन ठेवा, तोंडापासून एका वितीवर, माइकचं टोक बोलणाऱ्याकडे. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. ही चाचणी टाळलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हमखास पंखाच ऐकू येतो.

‘तुमच्या लहानपणाबद्दल सांगा’ असं विचारलं की ‘काय सांगायचं, साधंच होतं’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी कागद-पेन्सिल द्या आणि लहानपणच्या घराचा नकाशा काढायला सांगा. दार कुठे होतं, पाणी कुठून यायचं, झोपायचं कोण कुठे. पेन्सिल चालू लागली की माणूस आपोआप बोलतो, आणि नकाशाही हाताशी राहतो. तो नंतर तारीख घालून जपून ठेवा. मध्ये थांबले तर लगेच पुढचा प्रश्न फेकू नका, मनात दहा आकडे मोजा. बाकीच्यांनी सालं दुरुस्त करायची नाहीत. ‘नाही हो, ते पुढच्या वर्षी’ असं दोनदा झालं की बोलणारा गप्प होतो. आजी-आजोबा दुसऱ्या घरी असतील तर व्हिडिओ कॉल न करता साधा फोन स्पीकरवर लावा आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना आधी सांगून. व्हिडिओत सगळा वेळ ‘दिसतोय का, ऐकू येतंय का’ यातच जातो.

फाइलला त्याच संध्याकाळी नाव आणि तारीख द्या, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर एक प्रत टाका. ‘रेकॉर्डिंग ००४’ ही फाइल जागा कमी पडली की सगळ्यात आधी पुसली जाते.

लॅपटॉप रविवारी रात्री झोपताना बाहेर काढा, चार्जिंगला लावा, उघडू नका. खिडकीच्या पुठ्ठ्यावर ‘वर’ असं लिहून ठेवा आणि कार्डं त्याच्या मागे चिकटवा. पुढच्या शनिवारी ऊन असेल तर खोली पाच मिनिटांत अंधारी होते.